एक पर्मनंट, एक टेम्पररी

मी कॉम्प्युटर होते. हसायचं काही कारण नाही. सरकारनं तसं लेखी दिलं होतं मला: "कु. महानंदा पंचाक्षरी यांची कॉम्प्युटर या पदावर तात्पुरत्या स्वरूपात नेमणूक करण्यात येत आहे." शिपाई असतो, कारकून असतो, टंकलेखक असतो, तसा आमच्या खात्यात कॉम्प्युटर असायचा. गावोगावचे आकडे आले की त्यांच्या बेरजा मारायच्या, सरासरी काढायची, टक्केवारी काढायची. केमची ज्वारी, सांगोल्याची मेंढरं, अक्कलकोटच्या विहिरी, सगळं आमच्या टेबलावर आकडा होऊन यायचं.

सोलापूरच्या आमच्या त्या कचेरीत कॉम्प्युटर दोन. एकनाथराव पर्मनंट आणि मी टेम्पररी. एकनाथराव रिटायर व्हायला टेकलेले. हँडल फिरवायचं बेरजेचं मशीन असतं ना, ते फिरवून फिरवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. मला घेतलं बहात्तरच्या दुष्काळात, छावणीतली गुरं मोजायला. दुष्काळ संपला, गुरं घरी गेली, मी राहिले. पण कशी राहिले? दर सहा महिन्यांनी माझी ऑर्डर संपायची. मग एक दिवस ब्रेक. म्हणजे त्या एका दिवशी मी सरकारची कुणी नाही. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. का, तर सलग नोकरी झाली असं म्हणून उद्या बाईनं हक्क सांगू नये.

त्या ब्रेकच्या दिवशी माझं काय व्हायचं ते माझं मला ठाऊक. घासलेली भांडी पुन्हा घासायची, दारात जायचं, आत यायचं, पुन्हा दारात. बसले तर पाय हलायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, ओरडायची, "पाय हलवू नगं, घरातली लक्ष्मी जाती." मी म्हणायचे, "लक्ष्मीला पण सहा महिन्यांची ऑर्डर असेल."

आणि मी सांगतेय त्या वर्षी बातमी आली की पुण्याला मोठं मशीन येणार, सगळ्या जिल्ह्यांचे आकडे तिकडंच जाणार, आणि मे संपला की टेम्पररी लोकांना नवी ऑर्डर नाही. नुसती आवई म्हणाल तर आवई. पण आमच्याकडं आवई आधी येते, कागद मागून येतो, एवढाच फरक.

घरी अप्पांचं दुसरंच चाललेलं. अप्पांचं मंगळवार पेठेत भुसाराचं दुकान. माणूस कडक, पण शब्दाचा पक्का. त्यांनी सांगोल्याचं स्थळ आणलं होतं. बसलिंगप्पा नाव, कापडाचं दुकान, बायको गेलेली, दोन पोरं. बघायला आले तेव्हा माझ्याकडं बघितलंच नाही त्यांनी. चहा पिता पिता अप्पांना विचारलं, "नोकरी सोडंल की मुलगी?" जसं काही मी शेजारच्या घरात होते! ते गेल्यावर मी जी आदळआपट केली, त्यात अव्वाची एक परात चेमटली. अप्पा शांतपणे म्हणाले, "हे बघ नंदा. तू कायम झालीस, तर मी सांगोल्याला नाही म्हणून कळवतो. पुन्हा विषय काढणार नाही. न्हाय झालीस, तर श्रावणाच्या आत अक्षता. सहा-सहा महिन्यांच्या आयुष्यावर पोरगी घरात ठेवायची माझी छाती न्हाय."

आता खरं सांगते. बसलिंगप्पा वाईट नव्हते. पण मला जायचं नव्हतं. सकाळी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन घराबाहेर पडायचं, गिरणीच्या भोंग्याबरोबर रस्ता ओलांडायचा, आणि दिवसभर आपलं नाव लिहिलेल्या टेबलावर बसायचं, याची मला चटक लागली होती. ती सोडायची म्हटलं की छातीत नुसती घालमेल व्हायची. त्यामुळं तो मे महिना मी बसून काढला नाही, उभ्यानं काढला.

अशात पुण्याहून ट्रंककॉल आला.

आमचे हेडक्लार्क चिंतामणराव. कानानं थोडे मंद, आवाज मात्र असा की फोन नसता तरी पुण्यापर्यंत गेला असता. ट्रंककॉल आला की ते उभे राहायचे, एक हात कमरेवर, आणि अख्ख्या कचेरीला इकडची अर्धी बाजू ऐकू यायची.

"कॉम्प्युटर? आहेत की! दोन आहेत!" चिंतामणराव गरजले.

माझं हँडल थांबलं. एकनाथरावांनी चष्मा वर केला.

"प्रकार? एक पर्मनंट, एक टेम्पररी! ... नाही नाही, टेम्पररी म्हणजे सहा महिन्यांच्या बोलीवर! ... हां, भाड्यानं घेतल्यासारखंच म्हणा! मुदत संपली की परत!"

मी दातओठ खाल्ले. भाड्यानं म्हणे!

"उपयोग? सगळा उपयोग! बेरीज, सरासरी, मेंढरं, पाऊस, काय म्हणाल ते! ... चालू आहेत, दोन्ही चालू स्थितीत! पर्मनंट जरा जुना झालाय, जेवणानंतर सावकाश चालतो! ... टेम्पररी? तो झपाट्याचा आहे, पण आवाज फार करतो!"

"मी आवाज करते?" मी ओरडले. चिंतामणरावांनी मला हातानं गप्प केलं.

"गरम होतात का म्हणता? अहो साहेब, सोलापूरचा मे! दुपारी दोघंही नुसते तापलेले असतात! हवा नाही, धूळ ही अशी, परवा तर पर्मनंट बंदच पडायचा होता, पाणी मारलं तेव्हा चालू झाला! ... काय सांगता? खरंच? लई उपकार झाले साहेब!"

फोन ठेवून ते आमच्याकडं वळले. डोळ्यांत पाणी. "देवमाणूस आहे पुण्याचा साहेब. कॉम्प्युटर लोकांसाठी कूलर पाठवतोय."

तुम्ही म्हणाल, अगं, एकालाही शंका नाही आली? नाही आली बाई! पुण्याला येणार होतं त्याला आम्ही सगळे "मोठं मशीन" म्हणायचो. कॉम्प्युटर म्हणजे आम्हीच. माणसाला कूलर मिळतो याचं नवल वाटलं, पण सरकारला आपली दया आली असं मानायला कुणाला नको असतं?

कूलर आला, एवढं धूड, चार हमालांनी चढवला. बरोबर पुण्याच्या सूचना आल्या. कॉम्प्युटर स्वतंत्र खोलीत ठेवावेत. दार बंद असावं. खोलीत धूळ नसावी, पादत्राणं बाहेर काढावीत. चिंतामणराव सूचनेला देव मानणारे. त्यांनी रेकॉर्डची खोली रिकामी करून धुऊन घेतली, आम्हा दोघांची टेबलं आत लावली, आणि दारावर पाटी ठोकली: "कॉम्प्युटर रूम. चपला बाहेर काढाव्यात." दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी देवळासारख्या चपला. कुणी कागद द्यायला आलं की अनवाणी यायचं, गार वाऱ्यात मुद्दाम रेंगाळायचं आणि जाताना टोमणा मारायचं, "मजा हाय बाबा कॉम्प्युटरची. आमी काय दगड हाय?"

सगळ्यात जास्त चिडला होता बिरप्पा, आमचा शिपाई, सांगोल्याकडचा धनगर. सोलापुरात नळ एक दिवसाआड, आणि त्या कूलरला दिवसाला सहा घागरी लागायच्या. "मानसाला प्यायाला न्हाय आन् ह्या पत्र्याला पाजा," असं म्हणत तो ओतायचा. मग ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आला आणि कूलरच्या पाठीवर नंबर घातला.

हा नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच फिरलं. सरकारी कचेरीतल्या प्रत्येक वस्तूवर पांढरा नंबर असतो. खुर्ची, कपाट, कचऱ्याची टोपली, सगळ्यांवर. नंबर पडला की वस्तू सरकारची झाली. मग ती मोडली, गंजली, तरी कुणाच्या बापाला फेकता येत नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं. कमिटी बसते, ही वस्तू निकामी आहे असं ठरवते, लिलाव होतो, तेव्हा कुठं ती सुटते. आमच्या व्हरांड्यात एक तीन पायांची खुर्ची मी लागले तेव्हापासून भिंतीला टेकून उभी होती. तिला कधी कुणी ब्रेक दिला नाही.

आठवड्याभरात पुण्याचे साहेब स्वतः आले, कॉम्प्युटर बघायला. तरुण, गोरे, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. चिंतामणरावांनी त्यांना दाराशी बूट काढायला लावले, तेव्हा ते खूष झाले. "वा, शिस्त आहे तुमच्याकडं," म्हणाले. आत आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कूलर बघितला. एकनाथरावांना बघितलं, मला बघितलं.

"कॉम्प्युटर कुठायत?" त्यांनी विचारलं.

"हे काय," चिंतामणराव म्हणाले. "हा पर्मनंट. ही टेम्पररी."

एकनाथराव उठून उभे राहिले आणि नमस्कार केला.

साहेबांचं तोंड आधी उघडंच राहिलं. मग ते खुर्चीत बसले आणि हसत सुटले. रुमाल तोंडात घालून हसले, डोळे पुसून हसले. मला इतका संताप आला की काय सांगू! मी म्हणाले, "साहेब, आम्हालाही सांगा, म्हणजे आम्हीही हसू."

माणूस वाईट नव्हता. हसू आवरून त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटर म्हणजे यंत्र. त्यातही प्रकार. एक ॲनालॉग. तो मोजून बघतो, थर्मामीटरमध्ये पारा चढतो तसा. धरणाच्या पाण्याचा दाब, विजेचा प्रवाह, असं जे सारखं कमी-जास्त होत असतं, ते त्याचं काम. दुसरा डिजिटल. तो मोजपट्टी लावत नाही, एक एक आकडा धरून गणतो. पगार, शिरगणती, कारखान्याचा हिशेब त्याच्याकडं. आणि दोन्ही गुण एकात आणलेला तो हायब्रिड.

बिरप्पा घागर घेऊन दारात उभा होता. "हायब्रिड?" तो म्हणाला. "म्हंजी जवारीगत व्हय? भाकरी हुती, पर चव न्हाय."

साहेब पुन्हा हसले. मग आकाराचं सांगितलं. मोठ्याला अख्खा हॉल लागतो, तो एका वेळी शेकडो कचेऱ्यांचं काम ओढतो. आता कपाटाएवढे लहान पण निघालेत, एखाद्या कॉलेजला, एखाद्या कारखान्याला पुरतील असे. सगळ्यांना गार, स्वच्छ हवा लागते, म्हणून त्यांनी कूलर धाडला होता. पुण्याला येणारा मोठा होता, डिजिटल.

ऐकताना माझा पाय टेबलाखाली थांबत नव्हता. खरं तर मला ते सगळं आवडलं होतं. दुसरी वेळ असती तर मी दहा प्रश्न विचारले असते. पण माझ्या डोक्यात एकच होतं, तेच तोंडातून निघालं. "आणि टेम्पररीचं काय साहेब?"

साहेबांचं हसू गेलं. "एकतीस मेनंतर मुदतवाढ नाही," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं बाई. माझ्या हातात काही नाही."

झालं. सांगोला. मला डोळ्यांसमोर ती दोन पोरं दिसली, कापडाचे तागे दिसले, आणि दुपारी दुकानामागच्या खोलीत बसलेली मी दिसले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मी हँडल धरलं आणि गरागरा फिरवलं, मशीनवर आकडा नसताना.

तेव्हा चिंतामणराव खाकरले. "साहेब, एक अडचण आहे. हा कूलर कुणासाठी मंजूर झाला?"

"दोन कॉम्प्युटरसाठी."

"मंजुरीवर सही कुणाची?"

"माझी," साहेब म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं.

"आणि सोलापुरात दोन चालू कॉम्प्युटर आहेत, हे मुंबईला कुणी कळवलं?"

"तेही मीच," साहेब म्हणाले.

"महिनाअखेर मुंबईचे तपासनीस येतायत, वस्तू मोजायला," चिंतामणराव म्हणाले. "कूलर दिसेल. कॉम्प्युटर दिसले नाहीत, तर विचारतील, साहेबांनी गार हवा कुणाला दिली? म्हणून म्हणतो, दोन्ही कॉम्प्युटर वस्तूंमध्ये धरू. नंबर घालू. एकदा तपासणीत पास झाले की निर्लेखन झाल्याशिवाय हलवता येणार नाहीत. मुदत नाही, ब्रेक नाही. पगार देखभालीच्या खर्चात दाखवता येतो, ते मी बघतो."

कानानं मंद, पण नियमात हा माणूस वाघ होता. साहेबांनी एकदा कूलरकडं बघितलं आणि होकाराची मान डोलावली.

मला कळायला एक क्षण लागला. माणूस म्हणून मी टेम्पररी होते. वस्तू म्हणून कायम होणार होते.

"मी कूलर आहे का?" मी ओरडले. "टोपली आहे? घाला, घाला नंबर! पाठीवर घालता का कपाळावर? कपाळावर बरा दिसेल, विभूतीच्या खाली!"

"बाई, नंबर खुर्चीवर घालणार," चिंतामणराव हळू म्हणाले. हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "तुमच्या अंगाला रंग लागणार नाही. दुसरा मार्ग असता तर मी हा काढला नसता."

एकनाथराव म्हणाले, "नंदा, एवढं काय मनाला लावून घेतेस? मी सगळी नोकरी वस्तूच होतो. नंबर आत्ता पडतोय, इतकंच." मला त्यांचाच राग आला. मग रडूच आलं.

बिरप्पानं खुर्च्यांच्या पाठीवर नंबर घातले. कॉम्प्युटर एक, कॉम्प्युटर दोन. माझा घालताना त्यानं नजर वळवली, दोनाचं शेपूट वाकडं गेलं. "बाईसाब, तुमी बघू नगा हिकडं," तो म्हणाला. मी बघितलं. ओल्या रंगाचा वास संध्याकाळपर्यंत नाकातून गेला नाही.

घरी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? अप्पांनी विचारलं, "काय कळलं का?" मी म्हणाले, "महिनाअखेर कळंल." आणि उठून पाण्याच्या घागरी इकडच्या तिकडं केल्या. अव्वानं नुसतं बघितलं. रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगावं, नको मला तुमचा नंबर. आणि रोज सकाळी डबा भरताना वाटायचं, गप बस बाई, नाकापेक्षा मोती जड करून घेऊ नकोस. अभिमान घेऊन सांगोल्याला जाशील, आणि तिथं काय करशील त्याचं?

तपासणीचा दिवस उजाडला. चिंतामणरावांनी सकाळीच बजावलं, "तपासनीस नाव घेतील, बिरप्पा उत्तर देईल. तुम्ही मान खाली घालून हँडल फिरवायचं. बोलायचं नाही. वस्तू बोलत नाहीत." माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, "बाई, एक दिवस. हात जोडतो."

तपासनीस मुंबईचे, अंगानं भरलेले, ऊन लागून लालबुंद झालेले. आमच्या खोलीत आले, कूलर दिसला, आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून जे बसले ते आमच्याकडं पाठ करूनच. डोळे मिटले. "आहाहा," म्हणाले. मांडीवर कागद, हातात तांबडी पेन्सिल. "चला, बोला."

आमच्याकडं शाळेपासूनची रीत आहे. माणसाचं नाव घेतलं की तो म्हणतो, हजर. वस्तूचं नाव घेतलं की दुसरा कुणीतरी म्हणतो, आहे. माणूस आपल्या तोंडानं सांगतो, वस्तूला सांगता येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तोपर्यंत कधी माझ्या मनात आली नव्हती.

"टेबल, दोन?"

"हाय," बिरप्पा म्हणाला.

"पंखा, एक?"

"हाय. फिरत न्हाय."

"कूलर?"

"हाय की. बसलाय की फुडं."

"कॉम्प्युटर, एक?"

एकनाथरावांचं हँडल एका लयीत फिरत होतं, खालच्या खांद्यासकट. त्यांनी मान वर केली नाही. "हाय," बिरप्पा म्हणाला.

"कॉम्प्युटर, दोन?"

बिरप्पा बोलेना. मी मान खाली घालून होते, हँडल घट्ट धरलेलं. त्याला म्हणायचं होतं फक्त हाय. एक शब्द, आणि मी सुटले होते. सांगोला गेलं, ब्रेक गेला, जन्मभराची ती घालमेल गेली. पण तो उभा होता माझ्याकडं बघत. रोज मला "बाईसाब, च्या घेताव का" विचारणारा माणूस तो. चिंतामणराव खोकले. पुन्हा खोकले. "दोन?" तपासनिसांनी विचारलं.

माझा पाय हलायला लागला होता. मग गुडघा. मग मला कळायच्या आत मी उभी होते, खुर्ची मागं पडली, आणि शाळेत ओरडायचे तशी मी ओरडले.

"हजर!"

चिंतामणरावांनी भिंत धरली. एकनाथरावांचं हँडल थांबलं. गेलं सगळं, मला वाटलं, स्वतःच्या हातानं घालवलंस, महानंदे. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी छाती इतकी मोकळी झाली होती की सांगोल्याचंही काही वाटलं नाही. आता हे वळतील, बघतील, विचारतील, बाई, तुम्ही कोण? आणि मी सांगेन. काय सांगायचं तेही माझ्या जिभेवर तयार होतं.

तपासनिसांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं खूण केली.

"चालू स्थितीत?"

बिरप्पानं माझ्याकडं बघितलं. शेवटी मीच म्हणाले, "चालू आहे."

"हं. पुढं. कचऱ्याची टोपली?"

"हाय," बिरप्पा म्हणाला.

संध्याकाळी मी दुकानावरच गेले. अप्पा तागडीत तूरडाळ तोलत होते. मी म्हणाले, "अप्पा, झाले कायम."

"ऑर्डर दाव."

"ऑर्डर नाही. नंबर मिळाला. आता ब्रेक नाही, मुदत नाही."

अप्पा जुने दुकानदार. वजनावर सरकारी शिक्का असला की त्यांचा विश्वास बसायचा. ते क्षणभर विचार करून म्हणाले, "नंबर? मग तर ऑर्डरीपेक्षा पक्कं." त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातावर साखर ठेवली, माझ्या हातावर ठेवली, आणि तिथंच उभ्याउभ्या पोस्टकार्डावर बसलिंगप्पांना नकार लिहिला. शब्दाचा पक्का माणूस. मला आनंद झाला. झाला म्हणजे झालाच, जे मागितलं ते मिळालं होतं. आणि तरी घरी येईपर्यंत वाटेत दिसेल त्या दगडाला मी लाथ मारत आले.

चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मधल्या खोलीत अंधारात तशीच उभी राहिले. बसवेना. आत अव्वा भाकरी थापत होती. दार वाजलेलं तिनं ऐकलं असणार. रोजच्यासारखी तिनं आतून हाक मारली, "नंदा, हाईस का गं?"

"हजर!" मी म्हणाले. आवाज फाटला. "हजर हाय मी, अव्वा! हजर!"

थापण्याचा आवाज थांबला. पिठानं भरलेले हात तसेच धरून अव्वा बाहेर आली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.